सतरा नंबरचं कॉलेज

१९ जुलै
ही डायरी धानाच्या बियाण्याच्या एजंटने दिलेली आहे, मागच्या वर्षीची. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. चालेल.

आजपासून रोज लिहिणार. आमची पोरगी नूतन मेडिकलच्या 'नीट' परीक्षेत निघाली. दुसऱ्या प्रयत्नात, पण निघाली. एमपीत कुठेतरी सरकारी सीट मिळेल एवढी रँक आहे. श्रेय दोघांचं. तिची मेहनत आणि माझा फॉर्म. फॉर्ममध्ये एकही चूक नव्हती, फोटोसुद्धा बरोबर ४८ केबीचा होता.

आता कॉलेज निवडायचं. बालाघाट बसस्टँडजवळ सोळा वर्षं चुटे ऑनलाइन अँड झेरॉक्स चालवतो आहे. अर्ध्या जिल्ह्याचं भविष्य माझ्या कीबोर्डवरून गेलं. तेव्हा ही निवड कशी केली हे नोंदवून ठेवलं पाहिजे, पुढे लोकांना उपयोगी पडेल. वाचायला मात्र कोणालाही देणार नाही.

२० जुलै
सकाळी ७. संकल्प: निर्णय भावनेच्या भरात घ्यायचा नाही. तसाही मी भावनाप्रधान माणूस नाही. बायको, पुष्पलता, आहे. ती कालपासून नूतनच्या कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि परत मोडते आहे.

प्रक्रिया लिहून ठेवतो. साइटवर कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लावायची, मग मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकून यादी लॉक करायची. एकदा लॉक झाली की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

ओटीपीबाबत आपल्या दुकानाचा नियम आहे. मोबाइल नंबरच्या रकान्यात नेहमी दुकानाचा नंबर. गिऱ्हाइकांचे रिचार्ज संपतात, सिम हरवतात, आणि ओटीपी येतो तेव्हा माणूस उकव्याच्या जंगलात असतो. म्हणून सगळ्यांचे ओटीपी माझ्याकडे येतात. तो मोबाइल सुतळीने काउंटरला बांधलेला आहे, कुठेच जात नाही. नूतनच्या फॉर्मवरही तोच नंबर टाकलाय. घरचं-बाहेरचं असा भेद मी करत नाही.

२१ जुलै
पहिली पसंती गोंदिया. निर्णय झाला.

पंचेचाळीस किलोमीटर. सकाळी डबा पोचवून दुकान उघडायच्या आत परत येता येतं. अर्थात डबा हा मुद्दा नाही. मुद्दा असा की गोंदिया आपलंच. आपण मूळचे तुमसरकडचे. कापड गोंदियात घेतो, दाढ गोंदियात काढतो, सोयरे सगळे तिकडे. घरात मराठी बोलतो, म्हणजे मी आणि पुष्पा बोलतो, नूतन हिंदीत उत्तर देते. मध्ये एक राज्याची सीमा येते, पण ती बसमधून दिसतसुद्धा नाही. महाराष्ट्राच्या कोट्यात बसायला हरकत नसावी.

२२ जुलै
गोंदियाला मेहुण्याला फोन केला. खेमराज हसला आणि म्हणाला, भाऊजी, तुमचा डोमिसाइल एमपीचा हाय, तुमाले इकडच्या कोट्यात कोण बसू देईन? सोयरीक अलग, सीट अलग.

डोमिसाइलचा फॉर्म मीच भरला होता. शंभर टक्के अचूक. अडचण त्यामुळेच झाली.

२४ जुलै
भावना टाळण्यासाठी एक्सेलमध्ये गुणतक्ता तयार केला. पूर्ण शास्त्रीय. शंभर गुण. अंतराला साठ. थेट बस किंवा गाडी असेल तर पंधरा. घरून पाठवलेला चिवडा-लाडू ताजा पोचण्याला दहा. फोनला रेंज दहा. शिक्षणाला पाच. शिक्षण सगळीकडे एकच असतं, म्हणून जास्त दिले नाहीत.

सतरा कॉलेजं बसवली. सिवनी पहिलं आलं, छिंदवाडा दुसरं, जबलपूर तिसरं. मी काहीही ठरवलेलं नाही, कॉम्प्युटरने ठरवलं.

शेवटचं, सतराव्या नंबरचं कॉलेज राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. जबलपूरला गाडी बदलून पुढे बस, एकूण अकरा तास. त्याला शंभरपैकी नऊ. त्या गावाचं नाव या वहीत लिहून शाई वाया घालवणार नाही.

२६ जुलै
नूतनला तक्ता दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. प्रभावित झाली असावी. मग म्हणाली, पापा, इसमें लोग कहाँ हैं?

मी म्हणालो, कसले लोक? लोक सगळ्याच कॉलेजात असतात.

मग कळलं की हे दीपिकाचं काम. दीपिका किरनापूरची, सतरा नंबरला दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा फॉर्म मीच भरला होता, म्हणजे त्यात माझाही हात आहे, पण तेव्हा मला काय माहीत. काल ती नूतनशी तासभर व्हिडिओ कॉलवर होती. हातात फोन घेऊन सगळं हॉस्टेल फिरून दाखवलं. गळणारा नळसुद्धा दाखवला. दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना विचारलं तर सगळं मस्त आहे म्हणाले, ही एकटीच नळ दाखवते. आपल्या कॉलेजची बदनामी जो स्वतःच करतो त्याचं कॉलेज काय लायकीचं असेल?

नूतन म्हणाली, दीदीच्या खोलीत एका मुलीला ताप होता आणि पाच जणी तिच्याभोवती बसून हाडांची नावं पाठ करत होत्या. दीदी म्हणाली की पहिल्या वर्षी सगळ्याच रडतात, पण एकटीला कुणी रडू देत नाही.

म्हणजे ताप, हाडं आणि रडणं. मी तक्त्यात सतरा नंबरचे आणखी दोन गुण कापले. सात.

पुष्पा भाजी निवडत होती. म्हणाली, पोरीले एकदा इचारा न तिले काय पाह्यजे. मी म्हणालो, अग, विचारलंच तर आहे. तक्ता दाखवला.

३० जुलै
यादी साइटवर सेव्ह केली, क्रम तक्त्याप्रमाणे. लॉक करायची शेवटची तारीख ५ ऑगस्ट. मी ५ तारखेलाच करणार. घाई गिऱ्हाइकं करतात.

नूतन दोन दिवस शांत आहे. पटलं असावं.

२ ऑगस्ट
आनंदाची बातमी. खैरलांजीच्या एका नवयुवक मंडळाने ५ तारखेला माझा सत्कार ठेवला आहे. पालक-मार्गदर्शक म्हणून. शाल, नारळ आणि भाषण. भाषणाचा विषय त्यांनीच दिला: मुलांना त्यांची वाट निवडू द्या. सोपा विषय आहे, तयारी लागणार नाही.

लॉकिंग त्याच दिवशी आहे म्हणून नाही म्हणणार होतो, पण पुष्पाने आग्रह केला. म्हणाली, जा न तुमी, दुकान मी पाह्यते. शर्टाला इस्त्री स्वतः करून दिली. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं भाषण व्हावं असं तिला पहिल्यांदा वाटलं. सायंकाळी येऊन लॉक करेन.

५ ऑगस्ट
सायंकाळी ७. सत्कार उत्तम. विद्यार्थी नव्हते, सगळे धानाच्या रोवणीला गेले होते. अकरा मोठी माणसं आणि माइकवाला होता. चाळीस मिनिटं बोललो. मुलगी म्हणजे आपला फॉर्म नव्हे, तिचे रकाने तिला भरू द्या, हे वाक्य जमलं. माइकवाल्याने टाळी वाजवली.

परत आलो तर दुकानात नूतन. स्वतःहून आईचा डबा घेऊन आली होती, दुपारभर काउंटर सांभाळला. पोरगी जबाबदार होते आहे.

लॉक करायला साइट उघडली तर यादी आधीच लॉक झालेली. वेळ दुपारी एक वाजून बारा मिनिटं. सिस्टिमनेच आपोआप केलं असणार. सरकारी सिस्टिम वेळेच्या आधी काम करू लागली ही चांगली गोष्ट आहे.

लॉक झाल्यावर क्रम फक्त प्रिंटमध्ये दिसतो. ती काढायला गेलो तर पुष्पा म्हणाली, कागद संपला. झेरॉक्सच्या दुकानात कागद संपला. नियोजन नावाची गोष्ट नाही. उद्या तिच्याशी बोलेन.

६ ऑगस्ट
बोललो नाही. तिने पुरणपोळी केली होती. कारण सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट
दुपारी ४. यादी लागली.

सतरा नंबर.

१४ ऑगस्ट, सायंकाळी
नूतनला जबरदस्त धक्का बसला. ढसाढसा रडली. पुष्पाही रडली. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मध्येच हसण्यासारखा आवाज आला, हुंदका असावा.

मी रडलो नाही. घरात एक तरी माणूस शुद्धीवर पाहिजे.

१६ ऑगस्ट
हेल्पलाइनला तीन पानी तक्रार पाठवली. सॉफ्टवेअरने यादी उलटी वाचली, सतराला एक समजलं, हे मुद्देसूद मांडलं. उत्तर आलं: उमेदवाराने स्वतः बदल करून यादी लॉक केली आहे. ठरलेलं उत्तर आहे, सगळ्यांना हेच पाठवत असतील.

नवा प्लॅन: सीट घेऊन ठेवायची. सप्टेंबरात दुसरी फेरी असते, त्यात अपग्रेडचा अर्ज टाकायचा, पोरगी सिवनीला. महिना-दीड महिन्याचा प्रश्न. पुष्पाला सांगितलं. ती म्हणाली, हौ, पाहू. म्हणजे पटलं.

२८ ऑगस्ट
अकरा तास नव्हे, साडेबारा लागले. बस पंक्चर झाली. तक्त्यात हा मुद्दा नव्हता, घालायला हवा होता.

२९ ऑगस्ट
रिपोर्टिंगचा दिवस. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक कागदाच्या चौदा झेरॉक्स होत्या. त्यांनी दोन घेतल्या. रांगेत मागे असलेल्या एका पालकाकडे एकही नव्हती, त्यांना बारा दिल्या, पण त्यांवर नूतनचं नाव असल्याने उपयोग झाला नाही.

खिडकीवर नूतनने एक छोटा अर्ज दिला, मला न दाखवता. विचारलं तर म्हणाली, कुछ नहीं पापा, फॉर्मैलिटी है. मी सोळा वर्षं फॉर्म भरतो आहे, मला ठाऊक नसलेली फॉर्मैलिटी निघाली याचं नवल वाटलं.

दुपारी हॉस्टेल. रॅगिंग पहिल्याच मिनिटाला सुरू झालं. फाटकात पाच-सहा सीनियर मुली उभ्याच होत्या. एकीने नूतनची पेटी हिसकावली, दुसरीने गादी खांद्यावर घेतली, तिसरीने पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली. दीपिका मला म्हणाली, काका, थकले असान, बसा न, चाय सांगते. फार धूर्त मुलगी आहे. मी प्रतिज्ञापत्राची प्रत दाखवून म्हणालो की रॅगिंगविरोधी अर्ज आम्ही ऑनलाइन भरला आहे. ती म्हणाली, हौ काका, आमचाबी तुमीच भरलता.

फाटकाच्या आत पुरुषांना मनाई. पेटी जिन्यावरून जाताना दिसली. मग दिसेनाशी झाली.

३१ ऑगस्ट
अजून इथेच, लॉजवर. पोरीला सवय होईपर्यंत थांबणं भाग आहे. रोज सकाळी आणि सायंकाळी फाटकावर जातो. आज नूतनने विचारलं, पापा, आप कब जाओगे? मी जाईन याची तिला धास्ती वाटते आहे. चेहऱ्यावर दाखवत नाही, माझ्यावर गेली आहे.

२ सप्टेंबर
घरी परत. सकाळी चहा ठेवला, तीन कप झाले. तिसरा मीच प्यायलो. वाया कशाला घालवायचा.

४ सप्टेंबर
आजही तीन झाले. पातेलं मोठं आहे. छोटं घ्यायला हवं.

९ सप्टेंबर
नूतनचे फोन. पहिल्या दिवशी चौदा मिनिटं, नंतर नऊ, नंतर चार. काल म्हणाली, पापा बाद में करती हूँ, आणि मागे चार-पाच जणी काहीतरी ओरडत होत्या. अभ्यासाचा ताण किती असेल. पुष्पाशी मात्र बावीस मिनिटं बोलली. बायकांना मुद्द्यावर यायला वेळ लागतो.

मी आता सकाळी दुकान उघडण्यापूर्वी सतरा नंबरचं हवामान पाहतो. माहिती असावी म्हणून. आज तिकडे पाऊस आहे. तिची छत्री इथेच राहिली.

१३ सप्टेंबर
कल्पना: हॉस्टेलसमोर दुकानाची शाखा काढायची. चुटे ऑनलाइन, शाखा क्रमांक दोन. मेडिकलच्या मुलांना झेरॉक्स खूप लागतात. निव्वळ व्यावसायिक विचार आहे. पुष्पाला सांगितला. ती वाढायला उठली.

१६ सप्टेंबर
पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अडतीस जण. मी दोन दिवसांत अकरा सूचना टाकल्या. मेसच्या वरणात डाळ किती, खिडक्यांना जाळी आहे का, मुलांनी रोज घरी किती वाजता फोन करावा. आज ग्रुपची सेटिंग बदलली, आता फक्त ॲडमिन लिहू शकतात. मी ॲडमिन नाही. शिस्तीसाठी योग्य निर्णय. मीच सुचवणार होतो.

२२ सप्टेंबर
आज पुष्पाच्या तोंडून निघून गेलं. पंधरा दिवसांपूर्वी, ॲनाटॉमीच्या हॉलमध्ये पहिल्यांदा मृतदेहासमोर उभी राहिली तेव्हा नूतनला भोवळ आली. पडली. कपाळाला खोक पडली, दोन टाके.

मला सांगितलं नाही. मला काळजी वाटू नये म्हणून. मला काळजी वाटत नाही.

दुकान दुपारीच बंद केलं. वीज जाईल असं वाटलं.

२५ सप्टेंबर
दुसरी फेरी उघडली. हीच वेळ. पोरगी तिकडे पडते आहे, टाके पडताहेत, रडते आहे, आणि सांगत नाही. अपग्रेड करून सिवनीला आणायची. सिवनी मिळालं की जुनी सीट आपोआप सुटते, तिला काही करावं लागणार नाही. सांगायचंही कारण नाही, एकदम चांगली बातमीच देऊ.

लॉगिन माझ्याकडे आहे. एकच कॉलेज टाकलं, सिवनी. ओटीपी पाठवा, हे बटण दाबलं.

आला नाही.

२६ सप्टेंबर
ओटीपी आला नाही. नेटवर्क.

२७ सप्टेंबर
मोबाइल सुतळीसकट खिडकीपर्यंत नेला. मग सुतळी वाढवून रस्त्यापर्यंत नेला. उकव्याच्या तिघांचे ओटीपी आले, लांजीच्या एकाचा आला. नूतनचा नाही. सर्व्हर फक्त आपल्याच केसमध्ये अडतो आहे.

फेरी ३० तारखेला संपते. हेल्पलाइनवर माहिती काढली, मुलीने सही केलेलं संमतीपत्र कॉलेजात दिलं तरी चालतं. चार प्रती प्रिंट केल्या. सकाळच्या गाडीने निघतो. तिला आधी कळवत नाही, आनंदाने अभ्यासावरून लक्ष उडेल.

पुष्पाने विचारलं, कायले चालले? मी म्हणालो, छत्री द्यायला.

२९ सप्टेंबर
लॉजवर. सायंकाळ. आजचं सगळं लिहितो. वाचणारं कोणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

चार वाजता कॉलेजच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसलो. संमतीपत्रं फाइलमध्ये, छत्री मांडीवर. पोरगी कशी येईल याची मनाशी तयारी करत होतो. वाळलेली, डोळे सुजलेले, एकटी.

साडेचारला पाच मुली पांढऱ्या एप्रनमध्ये फाटकातून बाहेर आल्या. मधली मोठ्याने बोलत होती, मागे राहिलेल्या एकीला ओरडत होती: काहून वं, कायले मागं राहून राह्यली? चाल लवकर, भजे थंडे होऊन राह्यले.

मला वाटलं, बालाघाटकडची कोणी आहे. मग पाहिलं तर नूतन.

पंधरा वर्षं मी मराठीत विचारलं आणि पोरीने हिंदीत उत्तर दिलं. किती रागावलो, किती वेळा तिच्याशी अबोला धरला. आणि घरापासून अकरा तासांवर ती अशी बोलत होती, जशी माझी माय बोलायची.

तिने मला पाहिलं. थबकली. आणि म्हणाली, बाबा?

पापा नाही. बाबा. हा शब्द तिच्या तोंडून मी ती बालवाडीत असताना शेवटचा ऐकला होता. मी छत्री पुढे केली. इथे आठ दिवसांपासून पाऊस नाही.

मुली भोवती बसल्या. दीपिकाने भजी सांगितली. ज्योत्स्ना नावाची एक बुरहानपूरची आहे, एक पांढुर्ण्याची. ज्योत्स्ना म्हणाली, काका, हॉस्टेलात आम्हा मराठीवाल्यांची एक खोलीच ठरलेली आहे, वॉर्डनला कळू नये असं काही बोलायचं असलं की तिथे जमतो. नूतनला आधी काहीच बोलता येत नव्हतं, आम्ही फार हसायचो, आता तीच आम्हाला मले-तुले शिकवते. नूतनच्या कपाळावर भुवईच्या वर बारीक व्रण होता. मी पाहिला हे तिने पाहिलं.

मग मी फाइल उघडली आणि संमतीपत्र तिच्यापुढे ठेवलं. दुसरी फेरी, सिवनी, डबा, सगळं सांगितलं. फक्त ओटीपी येत नाही, एवढीच तांत्रिक अडचण आहे म्हणालो.

तिने कागद पूर्ण वाचला. मी शिकवलंय तसं, खालच्या बारीक अक्षरांसकट. मुलींना म्हणाली, तुमी व्हा पुढं. त्या उठल्या आणि दहा पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. दीपिका तर पाठ करूनसुद्धा उभी राहिली नाही, सरळ आमच्याकडे पाहत होती.

नूतन म्हणाली, बाबा, ओटीपी नाही येणार. मी इथं आल्या दिवशीच नंबर बदलून घेतला. अन् पह्यल्या वेळी लॉकबी मीच केलतं. तुमी खैरलांजीले गेलते तेव्हा. आईले मालूम होतं.

टपरीवाला कप विसळत होता, त्याचा आवाज येत राहिला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगतलं होतं. तुमच्या तक्त्यात मले इचारायचा रकानाच नव्हता.

मी म्हणालो, आणि टाके पडले ते? ती म्हणाली, ते सांगतलं असतं त तुमी दुसऱ्या दिवशी पेटी घ्यायले आले असते.

हे खरं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी नव्हती. तिसऱ्या दिवशी आलो असतो.

मग तिने त्या दिवसाचं सांगितलं. तो देह एका म्हाताऱ्या शिक्षकाचा होता. त्यांनी जिवंतपणीच लिहून दिला होता. सगळ्यांनी हात जोडून त्या देहाचा मान राखण्याची शपथ घेतली आणि हिच्या डोळ्यांसमोर अंधार आला. शुद्धीवर आली तेव्हा डोकं ज्योत्स्नाच्या मांडीवर होतं आणि दीपिका स्वतःचं प्रॅक्टिकल सोडून वारा घालत होती. रडू आलं तेव्हा त्या दोघीही रडल्या, मग तिघी हसल्या. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जाताना ज्योत्स्नाने एका बाजूने हात धरला, पांढुर्ण्याच्या मुलीने दुसऱ्या. तिसऱ्या दिवशी ती आपली आपण गेली.

शेवटी म्हणाली, मी कायी तुमच्यापासून पळून नाही आली बाबा. मले इथं यायचं होतं.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि तिच्याकडे पाहून बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी म्हणालो, मला पहिल्यापासून माहीत होतं. ती म्हणाली, हौ.

मग मुलींना बोलावलं. भजी आली, पण टपरीवाल्याकडचे कागद संपले होते. संमतीपत्राच्या चार प्रती कामी आल्या. कागद चांगला होता, तेल लगेच पाझरलं नाही. दीपिका म्हणाली, काका, प्रिंट भारी हाय.

३० सप्टेंबर
दुसरी फेरी आज संपली. मी रेल्वेत होतो.

१ ऑक्टोबर
पुष्पाला म्हणालो, तुला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, हौ. मी म्हणालो, झेरॉक्सच्या दुकानात कागद संपतो का कधी? ती म्हणाली, दहा रिमा होत्या, पलंगाखाली घातल्या होत्या.

गुणतक्ता डिलीट केला नाही. नवीन रकाना टाकून पाहिला, तिथे आपलं कोण आहे. त्याला किती गुण द्यावे ते ठरेना. फाइल तशीच बंद केली.

३ ऑक्टोबर
चहा दोन कप ठेवला. बरोबर दोन झाले.

८ ऑक्टोबर
सकाळी ११. उकव्याहून मंजू नावाची मुलगी आली. बाप खाणीत कामाला, एकटीच बसने आली. नर्सिंगचा फॉर्म. नाव, जन्मतारीख, जात, डोमिसाइल, सगळं झालं. मोबाइलच्या रकान्यात बोटं आपोआप दुकानाचा नंबर टाकू लागली. सहा आकडे झाल्यावर लक्षात आलं. पुसले. म्हणालो, तुझा नंबर सांग.

ती गोंधळली. म्हणाली, काका, सब तो आपका ही डालते हैं न. रिचार्ज वीस तारखेला संपतो माझा. मी म्हणालो, तो तू मारशील.

कॉलेज कोणतं आधी लावू, तिने विचारलं. लोक म्हणतात तुम्हीच तुमच्या मुलीला मेडिकलला लावून दिलं. मी म्हणालो, नाही, तिचं तिनेच लावलं. हे वाक्य मोठ्याने बोलायला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. मग विचारलं, कुठे कुणी ओळखीचं आहे का? ती म्हणाली, गावातली एक दीदी यादीतल्या तिसऱ्या कॉलेजात आहे, दर रविवारी फोन करते, सांगते की इथे यायचं तर लोखंडी बादली घेऊन ये, प्लास्टिकच्या फुटतात.

मी म्हणालो, मग ते पहिलं लाव.

ओटीपी तिच्या फोनवर आला. ती आकडे वाचून दाखवू लागली. मी म्हणालो, मला सांगू नकोस, तूच टाक. कीबोर्ड तिच्याकडे फिरवला. एका बोटाने टाकत होती, एकेक आकडा दोनदा तपासत होती. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती, एक जण निघून गेला.

ती गेल्यावर काउंटरची सुतळी सोडली. पुष्पाने विचारलं, आता हा फोन कुठं ठेवाचा? मी खिशात ठेवला.

दिवसभर सगळ्या फॉर्मवर ज्याचा त्याचाच नंबर टाकला. सायंकाळचे सहा वाजले. अजून एकदाही वाजला नाही.